कुंपणाकडची जागा

आई, तुला लिहायला बसलो आहे खरा, पण तुझ्याशी लिहून बोलायची मला सवय नाही. तू वाचायचीस ती सावकाश, ओळीखाली बोट धरून, म्हणून मीही सावकाशच लिहितो. आता मी तुझ्यापेक्षा वयानं मोठा झालो आहे. तू गेलीस तेव्हा तुला चाळीसही पूर्ण झाली नव्हती आणि मी पन्नाशीला टेकलो. सांगलीत राहतो, साखर कारखान्यात विजेचं काम बघतो, आणि इथल्या चर्चच्या मंडळीनं मला पंच केलं आहे. तुला हे सांगितलं असतं तर तू चुलीपुढून मानही न वळवता म्हणाली असतीस, "पंच झालास व्हय? आदी सदऱ्याची गुंडी लाव." मी हे मनात तुझ्या आवाजात म्हणून बघतो. आवाज अजून जसाच्या तसा येतो, चेहरा मात्र आता फोटोतलाच आठवतो, आणि फोटोत तू कधी सरळ बघितलंच नाहीस.

रहिमतपूरच्या अलीकडे आपलं गाव, तिथलं मिशनचं मुलींचं बोर्डिंग, आणि बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचा तो लांबडा काळा खण. बाबा तिथले माळी, तू स्वयंपाकीण. भिंतीवर घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी तू बघितलं नसतंस. तू गाण्यांवर स्वयंपाक करायचीस. मोठ्या पातेल्यातल्या भाताला एक गीत, सगळ्या कडव्यांसकट. डाळीला दोन. चर्चचे पाहुणे पाळक येणार असले की पिठल्याला अर्धं गीत, कारण पिठल्याची गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवायचा नाही. मी शाळेतून येतो, दप्तर उंबऱ्यावर टाकतो, आणि तू कुठल्या कडव्यावर आहेस यावरून जेवायला किती वेळ आहे ते मला कळतं. आजही उपासनेत ते भाताचं गीत लागलं की मला भूक लागते. देवासमोर उभं राहून भूक लागावी याची लाज वाटायची, आता वाटत नाही.

एकदा उत्तम शुक्रवारच्या आधी आम्हा पोरांचं नाटक बसत होतं. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं काम कुणी घेईना. शेवटी ते सुताराच्या अबोल पोरावर लादलं, आणि आम्ही बाकीचे त्याला रस्त्यात गाठून चिडवायचो. मी घरी येऊन ते मोठ्या हौशीनं तुला सांगितलं. तुझा हात कणकेत होता. तू कणकेच्याच हातानं माझा कान धरलास. "यहूदाला आय न्हवती व्हय रं? तिनं त्या दिशी काय केलं आसंल, कवा इचार केलास?" मी म्हणालो, बायबलात तिचं काही लिहिलेलं नाही. तू म्हणालीस, "लिवलं न्हाई म्हंजी ती रडली न्हाई, आसं हाय व्हय?" कानाला लागलेलं पीठ वाळेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

आणि औंधची जत्रा. मंडळीतले लोक यमाईच्या जत्रेला जायचं नाही म्हणायचे, आणि तू मला घेऊन गेलीस, कारण मला परसाकडं जायला अंधाराची भीती वाटायची आणि बॅटरी जत्रेतच स्वस्त मिळायची. परत येताना बाबांचा जीव खालीवर. पाळकसाहेबांना कळलं तर? तू म्हणालीस, "यमाई काय बॅटऱ्या इकाय बसलीया? मी दुकानदाराकडनं घेतली. तेबी घासाघीस करून." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू हसवणारी बाई होतीस, आई. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तुझ्या शेवटच्या दिवसानं आधीचे सगळे दिवस झाकून टाकले, आणि तुझी आठवण काढताना लोक अजून आवाज खाली करतात.

शेवटच्या वर्षात तुझं गाणं थांबलं. आधी एक कडवं गळायला लागलं, मग गीतच. भात कधी कच्चा, कधी करपलेला. तुला झोप लागत नव्हती. दिवसा तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस. बायका येऊन प्रार्थना करून जायच्या आणि जाताना तुला सांगायच्या, विश्वास वाढव. आज माझ्या कारखान्यात कुणाचं असं झालं तर मी त्याला गाडीवर बसवून डॉक्टरकडे नेतो, नेलंही आहे, आणि तो आता बरा आहे. तेव्हा आपल्याला तो आजार आहे हेच माहीत नव्हतं. आपण सगळे ते पाप समजत होतो, तूही.

मग तो दिवस. तू आपल्या हातानं गेलीस, कसं ते मी लिहिणार नाही. पाळकसाहेब आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हळू आवाजात सांगितलं की घंटा वाजणार नाही, गीत होणार नाही, आणि जागा आपल्या लोकांच्या ओळीत नाही, दफनभूमीच्या कुंपणाकडे. ते कठोर माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरलेले मी बघितले. "शास्त्राला धरून मला एवढंच करता येतं," ते म्हणाले. आपल्यात कुणी गेलं की घंटा सावकाश वाजते, शेतातली माणसं ती ऐकून हातातलं काम टाकून येतात, खड्डा खणायला पुरुष आपणहून फावडी आणतात. तुझ्यासाठी घंटा नाही, म्हणून शेतातलं कुणी आलं नाही. खड्डा बाबांनी आणि त्या सुतारानं खणला. त्याच्या पोराला मी चिडवलं होतं.

मला त्या दिवशी राग आला नाही. मला एकच प्रश्न पडला, आणि तो आजवर सुटलेला नाही: मी मेल्यावर तू मला भेटशील का? आपल्या लोकांची सगळी आशा त्या भेटीवर उभी असते. प्रत्येक दफनाच्या वेळी आपण तेच म्हणतो, पुन्हा भेटू. तुझ्या वेळी ते कुणी म्हणालं नाही.

म्हणून मी शास्त्र शोधायला लागलो. विद्वान म्हणून नाही, मला कुठलं विद्वान. गावच्या शाळेत शिकलेला माणूस मी. पण बायबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, मग परत वाचलं, तुझ्यासारखंच बोट धरून. तुला कुंपणाकडे ठेवणारं वचन मला हवं होतं. ते सापडलं असतं तर मी ते मान्य करायला तयार होतो. खून करू नको ही आज्ञा आहे, आणि ती आपल्या स्वतःच्या जिवालाही लागू आहे असं मी मानतो. आपलं शरीर देवाचं मंदिर आहे, ते मोडायचा हक्क आपला नाही, हेही मानतो, आणि तरुण पोरांना तसंच सांगतो. पण ज्यांनी आपल्या हातानं जीव दिला त्यांच्या गोष्टी वाचताना मी थबकलो. शौल राजा आपल्याच तलवारीवर पडला. त्याच्यासाठी याबेशचे लोक रात्रभर चालत गेले, त्याचा देह शत्रूच्या भिंतीवरून उतरवून आणला, हाडं झाडाखाली पुरली आणि सात दिवस उपास केला. शत्रूंसकट मंदिर स्वतःवर पाडून मेलेल्या शमशोनाचं नाव तर विश्वास धरणाऱ्यांच्या रांगेत आहे. आणि अहिथोफेल म्हणून दावीदाचा एक मंत्री होता, फितूर झालेला. त्यानं घराची व्यवस्था लावली आणि जीव दिला. पुढं एवढंच लिहिलं आहे की त्याला त्याच्या बापाच्या थडग्यात ठेवलं. त्या ओळीवर माझं बोट किती वेळ राहिलं असेल! फितुराला बापाशेजारी जागा मिळाली, आई. कुंपणाकडची जागा शास्त्रातली नाही. ती माणसांनी आखली.

आणि एलीया. त्याची गोष्ट तुला आवडली असती, कारण तीत स्वयंपाक आहे. मोठा संदेष्टा, पण दमून रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागवत नाही. विश्वास वाढव म्हणत नाही. दूत येतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी ठेवतो. तो खातो, परत झोपतो. दूत परत येतो, परत खाऊ घालतो. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींना भाकरी भाजून घातलीस, आणि भिंतीकडे तोंड करून बसलीस तेव्हा तुझ्या उशाशी भाकर कुणी ठेवली नाही. आम्ही वचनं ठेवली.

हे सगळं आज का लिहितो आहे, ते सांगतो. गेल्या आठवड्यात इथल्या मंडळीतल्या एका माणसाची मुलगी गेली. फौजेतून निवृत्त झालेला, मूळचा म्हसवडकडचा, माझ्याहून मोठा. मुलगी नर्सिंग शिकत होती. तुझ्यासारखीच गेली. सकाळी तो माझ्या दारात आला. मी चहा केला, दुसरं काही सुचेना. त्यानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"गड्या, साखर न्हाई यात."

मी साखर घालायला विसरलो होतो.

"साखर कारखान्यात काम करतूस आन् साखर न्हाई व्हय रं घरात?" असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. मग म्हणाला, "तुमी पंच हाय. माजी पोर कुटं हाय, सांगा. लय बोलू नगा. सरकारी उत्तर नगं."

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

"मग कशाचं पंच?"

मी त्याला तुझी गोष्ट सांगितली. आजवर सांगलीत कुणाला सांगितली नव्हती. कुंपणाकडची जागा, बाबांचं फावडं, सगळं. आणि सांगितलं की त्याची पोर कुठं आहे ते मला ठाऊक नाही, पण ती कुणाच्या हातात आहे ते ठाऊक आहे, आणि देवाच्या प्रीतीतून मरणही कुणाला ओढून काढू शकत नाही असं प्रेषित पौलानं लिहिलं आहे. त्यानं मरणाची नावं सांगितली नाहीत, हे मरण चालेल, ते चालणार नाही, असं काही म्हटलं नाही.

तो उठला. "घंटा वाजंल का तेवडं सांगा."

दुपारी पंचांची बैठक झाली. पाळक तरुण आहेत, त्यांची तयारी होती. दोघं वडीलधारे पंच म्हणाले, दफन करू, पण गुपचूप, घंटा नको. इतर पोरांना चुकीचं उदाहरण जाईल. ती भीती खोटी नाही, आई, मलाही ती आहे. मी म्हणालो, पोरांशी बोलूया, महिन्यातून एकदा त्यांच्यात बसूया, कुणाला झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे नेऊया, मी नेतो. घंटा न वाजवून एकही पोर वाचणार नाही. त्यातले एक जण म्हणाले, "तुमाला लय पुळका आलाय." मी म्हणालो, "व्हय. माझी आई कुंपणाकडं हाय." मतं मोजायची वेळ आली नाही.

घंटा वाजली. ते दोघं पंच आले नाहीत. मुलीला तिच्या आजीशेजारी ठेवलं. फौजीनं मूठभर माती टाकली आणि ताठ उभा राहिला, हात विजारीच्या शिवणीला लावून, जसा फौजेत उभा राहत असेल तसा. पाळक म्हणाले, पुन्हा भेटू. मी "आमेन" म्हणण्याऐवजी फावडं उचललं.

बायबलात तुरुंगाच्या नाईकाची एक गोष्ट आहे. फिलिप्पै शहरात भूकंप होतो, दारं उघडतात, कैदी पळाले समजून तो तलवार उपसतो, स्वतःवरच. आणि आतून कैदेतला पौल ओरडतो की स्वतःला इजा करू नको, आम्ही सगळे इथेच आहोत. एवढ्या वाक्यानं माणूस वाचतो. आम्हीही सगळे तिथेच होतो, आई. बाबा, मी, बोर्डिंगच्या साठ पोरी. आता मी कुणाच्या दारात जातो तेव्हा हेच वाक्य घेऊन जातो. वचन म्हणून नाही. फक्त बसतो.

हे पत्र कुठं धाडायचं, हा प्रश्नच नाही. दुपार उतरली आहे. बायको विचारते आहे, एवढं काय लिहिताय, आणि मी म्हणालो, मंडळीचं काम.

एक मात्र तुला सांगून टाकतो. आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की त्याचं देवापाशी झालं, आपण मागण्यासारखं उरत नाही, असं मी स्वतः पोरांना शिकवतो. पण रोज जेवणाआधी डोळे मिटून मी घरातल्यांची नावं घेतो, बायकोचं, दोन्ही मुलांचं, आणि मग ओठ न हलवता तुझं. आजारी माणसासाठी मागतात तसं मागतो. तिला झोप लागू दे.