बंद झालेलं कार्ड

बाबा,

परवा सभेत तुम्ही पुन्हा आलात. मुलुंडच्या समाजमंदिरात, मागच्या रांगेत, पंख्याखाली, एक हात शर्टाच्या खिशावर. तुम्ही दिसलात की माझा आवाज चढतो आणि लोकांना वाटतं, बाईला चेव आलाय. खरं तर मला भीती वाटते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्या रांगेकडे बघून बोलणं मला जमत नाही.

खिशात काय असायचं ते मला ठाऊक आहे. कामगार विम्याचं कार्ड, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेलं. कारखाना होता तोवर त्या कार्डावर आईचं ऑपरेशन झालं, माझा टायफॉइड बरा झाला. कारखान्याला टाळं लागलं, मागोमाग कार्डही बंद झालं, पण तुम्ही रोज आंघोळ झाली की ते खिशात ठेवायचात. आई चिडवायची, "देवळात जाताना तरी काडून ठेवा." तुम्ही म्हणायचात, "आसांदे गो. आजार काय सांगान येता?"

तेच कार्ड आता मी सभेत उंच धरते. म्हणते, आजारी माणसाला आधी कार्ड विचारू नका, दुखतंय कुठे ते विचारा. नोकरी असो नसो, उपचार सगळ्यांना मिळाले पाहिजेत. मग तुमची गोष्ट सांगते. माझ्या वडिलांच्या छातीत कळ येत होती, ते हे कार्ड घेऊन इस्पितळाच्या खिडकीपाशी गेले, आणि खिडकीतून त्यांना परत पाठवलं. मागणीच्या कागदावर सह्या भराभर होतात.

परवा सही केल्यावर एका म्हाताऱ्या मावशींनी माझा हात धरला. "कुठली खिडकी गं ती? सांग ना, मी जाऊन भांडते." मी म्हटलं, "आता आठवत नाही, मावशी." मागे वळून पाहिलं तर तुमची खुर्ची रिकामी होती.

मला सगळं आठवतं. मी ऑफिसला निघालेय, स्वयंपाकघरात डबा भरतेय, तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात. कपाळावर घाम. "छातीत कसातरीच होता गो. जावन येवया? कार्ड आसा माझ्याकडे." आणि मी पोळी गुंडाळता गुंडाळता, तुमच्याकडे नीट न बघता म्हणते, "बाबा, ते कार्ड कधीच बंद झालंय, उगाच हसं करून घ्याल. गॅस असेल. ओवा खा." पवईच्या ऑफिसात त्या दिवशी मीटिंग होती. सरकारी रांगेत दिवस जाणार, खाजगीत शिरलो तर वाट लागणार, एवढा सगळा विचार मी एक पोळी गुंडाळेपर्यंत करून मोकळी झाले. तुम्ही चिमूटभर ओवा घेतलात, माझ्यासमोर चावलात. "बरा वाटता," म्हणालात. दुपारी आईचा फोन आला.

कुणाच्याही मुलीवर असा विचार करायची वेळ येऊ नये म्हणून मी बोलते, त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही कुठल्याच खिडकीपाशी पोचला नाहीत, बाबा. तुम्हाला ओट्यापासूनच परत पाठवलं, आणि ते मी. हे पत्र कार्डासोबत त्याच पिशवीत ठेवतेय. रविवारी भांडुपला सभा आहे. तिथेही मी खिडकीचंच सांगणार आहे.