एका होकाराची कपात

६ फेब्रुवारी
दुकानातून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुट्टी संपवून कामावर परत गेलीस त्याला तीन आठवडे झाले. माझी तब्येत ठीक. फोन केला नाहीस तेच बरं केलंस, त्या फोनमध्ये हल्ली नुसती खरखर असते. पत्र बरं, कोण काय म्हणतंय ते निवांत कळतं.

आता बातमी ऐक. शेजारचा चष्मेवाला बँकेत चालला होता, म्हणून माझं पासबुकही त्याच्याकडे भरायला दिलं. दीड वर्ष ते खणात पडून होतं. तो परत आला तो तोंड लांब करूनच. ‘विशेष ग्राहक शुल्क’ म्हणून दरमहा एकशे नव्वद कापलेत, आणि तेही एक-दोन नाही, चौदा महिने! चष्मेवाल्याने बँकेतून त्याचा कागदही आणला. म्हणे प्रवासाचा विमा, आणि विमानतळावर बसायला गुबगुबीत खुर्च्यांची खास खोली. अगं, मी विमान पाहिलंय ते मान वर करून! आणि त्या खुर्चीचं भाडं भरतोय मी, घड्याळांचे सेल बदलून.

मला न विचारता हे केलंय. मी सोडणार नाही. तसं पत्रच लिहायला घेतलंय.

आशीर्वाद पुरेपूर आहेत, त्यात कपात नाही.

तुझे बाबा

*

१३ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग जाम भडकले. बाबा, गप्प बसायचं नाही. पण नुसतं तावातावाने लिहूनही चालायचं नाही. किती महिने, किती रक्कम, कोणत्या तारखांना, सगळं लिहा. पासबुकाच्या पानांच्या प्रती जोडा. पत्र काउंटरवर दिलंत की शिक्क्याची पोच आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायला त्यांना सांगा.

इथे काम खूप आहे, पायांचे तुकडे पडतात. मी निघताना दारात जे सांगितलं, त्यावर तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. असू दे. तुम्हाला त्याचं एवढं काही वाटलं नसेल.

वेळेवर जेवा. माया आहे ती राहू द्या.

तुमची भिंगरी

*

२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तक्रार दिली. पोच घेतली. शिक्का पुसट उठला होता, म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला. काउंटरवरच्या पोराने कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, घाल बाबा, आठ्यांना शुल्क नाही.

अर्ज बघून चष्मेवाला थक्क झाला. चौदा तारखा, चौदा रकमा, बेरीज, सगळं एका पानात. अगं, आपलं दुकान काय उगाच चाललंय का? इथे आलेल्या गिऱ्हाइकाने घड्याळाचं दुखणं स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहायचं, मगच मी झाकण उघडणार. तोंडी कारभार नाही. चाळीस वर्षांत एकाचं घड्याळ दुसऱ्याला गेलेलं नाही.

दारात तू जे म्हणालीस ते माझ्या पूर्ण लक्षात आहे हो. उत्तमच आहे ते.

आता वाट बघणं आलं. लोभ आहेच, तो दरमहा वाढता ठेवलाय.

तुझे बाबा

*

१८ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

बँकेचं उत्तर आलं. चार ओळी. त्या योजनेच्या अर्जावर माझी सही आहे. कर्मचाऱ्याने योजना तोंडी समजावून सांगितली आणि ग्राहकाने मान डोलावून आनंदाने संमती दिली, सबब रक्कम परत देता येत नाही. आनंदाने! हा शब्द त्यांनी खरंच लिहिलाय.

दोन दिवस दुकानात लक्ष लागलं नाही. आता वाटतं, जाऊ दे झालं. खातं बंद करतो आणि पैसे गादीखाली ठेवतो. तू या भानगडीत आणखी डोकं घालू नकोस.

बाबा

*

२४ मार्च

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

चिडाल, तरी विचारते. त्या दिवशी तुम्ही खरंच मान डोलावली होती का?

मी काही आंधळी नाही, बाबा. घड्याळ दुरुस्त झालं की तुम्ही पाठ फिरवता आणि ते दाताशी धरता. टिकटिक कानाने कळत नाही म्हणून दाताने बघता. मी शाळेत असल्यापासून बघतेय. आई म्हणायची, बोलू नकोस, त्यांना लागेल. म्हणून मी बोलले नाही, आणि आपण सगळे मिळून ही लपवाछपवी सांभाळत बसलो. आता आई नाही. तुमच्या शेजारी उभं राहून काउंटरवरचं बोलणं पुन्हा सांगायला कुणी नाही.

माझ्यासमोर रोज तीसेक माणसं मान डोलावतात. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते मी सांगते, ते हो हो करतात. निम्म्यांना काही कळलेलं नसतं. म्हणून मी मानेवर विश्वास ठेवत नाही. आता तुम्ही मला सांगा, काय घ्यायचं आणि कधी, असं म्हणते. त्यांनी उलट सांगितलं की मगच पुढच्या खाटेकडे जाते. बँकेने तुम्हाला उलट विचारलं का? नाही ना? मग चूक त्यांची. पण ते म्हणायचं तर आधी तुम्हाला खरं लिहावं लागेल.

यात कमीपणा नाही. रागावलात तरी उत्तर लिहा.

तुमची भिंगरी

*

५ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस खणात ठेवलं. उघडायचो, वाचायचो, परत ठेवायचो. राग आला होता. तुझा नाही, माझाच.

हो, डोलावली मान. तुझी आई गेल्यावर मी पहिल्यांदाच एकटा बँकेत गेलो होतो, नवीन कार्ड घ्यायला. काचेपलीकडची मुलगी काहीतरी बोलली, हसली. ‘पुन्हा सांगा’ म्हणालो असतो तर ती मोठ्याने बोलली असती आणि मागची रांग वळून बघती. म्हणून मीही हसलो, मान डोलावली, तिने बोट ठेवलं तिथे सही केली. बाहेर येऊन ऐटीत चालत गेलो, एकट्याने जमवलं म्हणून. आणि ते चिठ्ठीचं म्हणशील, तर तो शिस्तीचा नियम नव्हे. गिऱ्हाईक काय बोलतं ते मला ऐकू येत नाही. पंधरा वर्षं झाली. बस, लिहिलं एकदाचं.

मग बँकेलाही लिहिलं. आधीच्या अर्जात मला विचारलंच नाही असं म्हटलं होतं, ते चुकीचं होतं, असं पहिल्याच ओळीत कबूल केलं. पुढे लिहिलं की मी घड्याळजी आहे, मला ऐकू येत नाही, आणि लाजेखातर मी न ऐकलेल्या गोष्टीला मान डोलावली. पण तुमच्या माणसाने मला काय समजलं ते उलट विचारलं नाही, कागद वाचायला दिला नाही, योजनेच्या अर्जातल्या खुणाही त्याच्याच हातच्या आहेत. माझी मुलगी आजारी माणसाला एक गोळी देतानाही याहून जास्त काळजी घेते.

मागण्या दोन केल्या. पैसे परत द्या. आणि काउंटरवर कोरे कागद आणि पेन ठेवा, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला लिहून सांगता येईल.

खाली सही केली, अक्षर चांगलं आलंय. पुन्हा महिनाभर वाट बघायची.

तुझे बाबा

*

११ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र डबा खायच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. बाबा, मला तुमचा केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू! पैसे मिळोत न मिळोत, तुम्ही जिंकलात. शेजारी बसलेल्या नर्सने विचारलं, डोळ्यांत काय गेलं. मी म्हटलं, माझे बाबा.

एक मात्र ऐका. दाताने टिकटिक कळते याचा अर्थ आतला कान शाबूत असू शकतो. इथे कानाचे चांगले डॉक्टर आहेत. एकदा दाखवू या. बघा, मी विचारत नाहीये, सांगतेय. मान डोलावून चालणार नाही, तारीख लिहून पाठवा.

रोज बँकेसमोरून चकरा मारू नका, चष्मेवाल्यांनी मला कळवलंय. लोभात खंड नको.

तुमची भिंगरी

*

३० एप्रिल

चि. भिंगरीस अनेक उत्तमोत्तम आशीर्वाद.

मिळाले! सगळेच्या सगळे. चौदाचे एव्हाना सोळा महिने झाले होते. सोळा महिन्यांचे तीन हजार चाळीस, वर थोडं व्याज. काल शाखेच्या मुख्य बाईंनी बोलावलं. मी खुर्चीत बसलो, त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या, आणि काय सांगू, माझी मान आपोआप हलायला लागली! हाताने धरून थांबवली म्हण. खिशातून दुकानातली चिठ्ठी काढली, पेन पुढे केलं आणि म्हटलं, मला ऐकू येत नाही, लिहून द्या. आवाज जरा चढाच लागला असावा, कारण अख्खी बँक वळून बघायला लागली. बघू दे म्हटलं.

बाईंनी लिहिलं की चूक बँकेची आहे आणि त्यांना वाईट वाटतं. ती चिठ्ठी मी दुकानात तारेला अडकवलीय. बाहेर पडताना बघतो तर काउंटरवर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. पेन दोरीने बांधलंय, शेवटी बँक ती बँकच.

चष्मेवाला आला, पाठीत थाप मारून गेला. घरी आलो, आनंदात होतो, आणि मग एकदम बसूनच राहिलो. भिंगरे, तू निघताना दारात काहीतरी सांगितलंस. चेहरा असा फुलला होता तुझा. मी मान डोलावली. नंतर पत्रातही ‘उत्तमच आहे’ असं लिहिलं, तीही मानच डोलावली. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, पोरी. काय सांगितलं होतंस? लिहून दे.

वाट बघणारा,
बाबा

*

६ मे

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

मी म्हटलं होतं, बाबा, मला अख्ख्या वॉर्डची इनचार्ज केलंय. बत्तीस खाटा, अकरा जणी माझ्या हाताखाली. एवढ्या लहान वयात आमच्याकडे आजवर कुणाला केलं नव्हतं. आई नाही, तेव्हा सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगायचं म्हणून चार दिवस पोटात ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, हो हो, पोचलीस की पत्र टाक.

मी गाडीत खूप रडले. तुम्हाला काहीच वाटलं नाही, असं धरून बसले. मीही तुम्हाला उलट विचारलं नाही, बाबा. रोज तीस जणांना विचारते, आणि घरच्या माणसाला विचारलं नाही.

तुमची
भिंगरी

*

१२ मे
दुकानातून

चि. भिंगरीस, म्हणजे बत्तीस खाटांच्या वॉर्डच्या इनचार्ज बाईंना, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला काही वाटलं नाही, असं पुन्हा कधी मनात आणू नकोस. छाती फुटायची वेळ आलीय माझी. आज तुझी आई हवी होती गं.

तारीख लिहितो, वीस जून. कान दाखवायला येतोय, पण आधी तुझा वॉर्ड बघणार. एकेक खाट मोजणार. तिकीट बँकेच्या पैशांतूनच काढलंय. गाडीचंच, विमानाचं नव्हे.

आज सकाळपासून दुकानात नऊ गिऱ्हाइकं आली. चिठ्ठी लिहायच्या आधी प्रत्येकाला सांगितलं, चांगल्या खणखणीत आवाजात, की माझी मुलगी वॉर्डची इनचार्ज झाली. चष्मेवाल्याला तर दोनदा. ते काय काय म्हणाले, मला ऐकू आलं नाही, आणि आज मी कुणाला लिहून द्या असंही म्हटलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली, तेवढं मला पुरलं.

तुझे बाबा