एकशेऐंशी मीटरवर

३ मार्च

आलो एकदाचे. नोकरी मनासारखी, घर ऐसपैस आणि मागच्या दाराशीच दोनशे मीटर खोल बोअर. वरची जुनी ऊन-थंडी खडकातून मुंगीच्या पावलांनी खाली झिरपते. केबलला तापमापक बांधून सोडला, की जितकं खोल तितका जुना काळ कळतो. छकुलीला हे सांगितलं, तर तिने विचारलं, मग आई किती खोल असेल. बायको जाऊन दोन वर्षं झाली. पोरीला नुसतं जवळ घेतलं.

इथले जुने राखणदार मिस्त्रीकाका बोअरबद्दल फार जपून बोलतात, सासऱ्याबद्दल बोलावं तसं. काम झालं की केबल गुंडाळा, झाकणाला कुलूप लावा, आत काही लोंबतं ठेवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. उद्यापासून ते रजेवर आहेत.

५ मार्च

१८० मीटरवर चार अंश! त्याच्या वर-खाली सोळा. शेकडो वर्षांपूर्वीच्या कडाक्याची खूण असेल, तर माझं नाव होईल. पण थंडी खडकात पसरते, अशी एका जागी दबा धरून बसत नाही. खात्री करायला तापमापक तिथेच लटकता ठेवला. केबलमुळे झाकण लागत नाही. असू दे.

७ मार्च

१८० वर आज सोळा. चार अंश आता १२० वर. तापमापक ठणठणीत आहे.

छकुली बोअरशी बसून गप्पा मारते. आई केबल धरून वर येतेय म्हणाली. तिच्यावर ओरडलो. मग माझंच मला वाईट वाटलं.

८ मार्च

साठ मीटर. केबल गुंडाळायला गेलो, तर हँडल जागचं हलेना. काकांना फोन केला. ते म्हणाले, केबल कापा आणि पोरीला घेऊन निघा.

९ मार्च, सकाळ

केबल कापायला घरातून पक्कड घेऊन आलो, तर हँडल सैल. केबल हलकी होऊन वर आली. झाकण घातलं, कुलूप ठोकलं. सुटलो बुवा. छकुली पायरीवर शहाण्यासारखी बसली होती. उचलून घेतली. अंग गार आहे.

दुपार

तिच्या काखेत तापमापक लावला. चार.

बाबा म्हणत नाही. अहो म्हणते —

कुलूप काढलं. तापमापक सोडला. १८० वर सदतीस.

केबल जड. खालून धरलीय. माझी पोर —

गुंडाळतोय. १२०, सदतीस. दर टप्प्यावर थांबून लिहितोय. ६०, सदतीस. घट्ट धर, बाळा —

मागे अहो, अहो चाललंय. पक्कड पायरीवरच राहिली. ती उठली. तिच्या हातात —

२०. सदती