माझ्यामागे कोणाच्या नावाने आमेन

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाट्या रंगवणारा, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवतो. आज दुपारी जे कानी पडले त्यानंतर हे काम उद्यावर टाकणे मला शक्य नाही.

मुलगा आणि मुलगी दुपारी जेवायला आली होती, त्यांची आई गेल्यापासून प्रथमच एकत्र. मुलगा थोरल्या चर्चच्या पाळकांचा चाहता. त्यांच्या आवाजामुळे सगळे त्यांना गडगडाट म्हणतात. मुलगी पलीकडच्या रस्त्यावरच्या चर्चच्या पाळकांची चाहती; ते सदा हसतात म्हणून त्यांना हसतमुख म्हणतात. आईच्या दफनाला संदेश कोणाच्या पाळकांनी द्यायचा यावरून ही दोघे हमरीतुमरीवर आली आणि तिची शवपेटी दारात ताटकळली. ते मी विसरलेलो नाही.

तर मुलाने जेवणाआधी प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाला, "हे आम्ही पाळकसाहेबांच्या नावाने मागतो." नातवंडांसकट सगळे म्हणाले, "आमेन."

मी घास खाली ठेवला. "अरे, कोणाच्या नावाने?"

"का बाबा, काय झालं?" ख्रिस्ताच्या जागी पाळकांचे नाव घेतल्याचा त्याला पत्ताच नव्हता.

मुलगी फिदीफिदी हसली. "आमच्या हसतमुखांनी असं कधी शिकवलं नसतं." एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे. मी ताटावरून उठलो आणि कागद घेतला.

कलम एक. राहते घर दोघांच्या नावे, समाईक. अट अशी की माझ्या दफनाला कोणत्याही पाळकांनी संदेश द्यायचा नाही. मुलाने शास्त्रपाठ वाचावा, मुलीने प्रार्थना करावी आणि शेवटी ख्रिस्ताचे नाव घ्यावे. चुकल्यास पहिल्यापासून. लोक उन्हात उभे राहिले तरी चालेल. अट मोडल्यास घर शेजारच्या बेकरीवालीचे. ती कोणाचीच चाहती नाही, पण माझ्या बायकोच्या आजारपणात रोज पाव देऊन जायची.

कलम दोन. कुंचले, शिडी आणि रंगाचे डबे मुलीला. तिचे अक्षर माझ्याहून सुबक. दोन्ही चर्चच्या पाट्या मीच रंगवल्या. दर खेपेला कमिटी म्हणे, "पाळकांचं नाव जरा मोठं घ्या," आणि प्रभूचे नाव कोपऱ्यात सरके. थोरल्या चर्चचा सचिव तर म्हणाला, "ते खाली बारीक बसवा ना, फोन नंबर मावत नाही." त्याला माझा सर्वांत बारीक कुंचला आठवणीने द्यावा.

बँकेत जे उरेल ते नातवंडांना, भांडण न करता.

साक्षीला मी दोन्ही पाळकांना बोलावणे धाडले. वाटले होते, एकमेकांचे तोंडही बघत नसतील. दोघे एकाच स्कूटरवरून आले. दर रविवारी संध्याकाळी एकत्र चहा घेतात म्हणे. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच पिटल्या.

सगळे वाचून दाखवल्यावर गडगडाट इतके हळू बोलले की मला कान पुढे करावा लागला. "माझ्या नावाने आमेन म्हणाले?"

हसतमुखांचे हसू मावळले होते. "आजोबा, मग आम्ही दफनाला यायचंच नाही का?"

"या की. फावडी घेऊन या."

ठिकाण: माझ्या कामाच्या खोलीतले टेबल
दिनांक: आजचाच रविवार, संध्याकाळ
लिहून ठेवणार: पाटीवाला (सही)

साक्षीदार पहिला: गडगडाट (सही). फावडे आणीन, तोंड उघडणार नाही.

साक्षीदार दुसरा: हसतमुख (सही). मी यांच्या शेजारीच उभा राहीन, म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींना दिसेल.