ती उन्हाळी नव्हती

ओंगार, डब्लिन
७ ऑक्टोबर २०२१

प्रिय स्वरांगी,

पाकीट बघून दचकली असशील. लग्न झाल्यापासून मी तुला वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण तिकडे तू फोन माझ्या आईच्या स्वयंपाकघरात स्पीकरवर ठेवतेस, आणि मी तीनदा फोन लावून तिन्ही वेळा हवापाण्यावरच बोललो. माझ्या ऑफिसातला आशिष उद्या पुण्याला निघतोय, त्याच्या हाती देतो. एकटी असताना वाच, आणि मंगळवारी तुम्ही दोघी डॉक्टरांकडे जाण्याआधी वाच.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, तू इथे येऊन महिनाही झाला नव्हता, तुला लघवीला जळजळ सुरू झाली. तू आईला फोनवर विचारलंस. आई म्हणाली, उन्हाळी लागलीय, धण्या-जिऱ्याचं पाणी पी, सब्जा खा. बाहेर तीन अंश, गारांचा मारा, आणि माझ्या बायकोला उन्हाळी! मी तुझी चेष्टा केली. खरं तर त्या शब्दाने मला सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण माझ्या मनात वेगळीच शंका होती.

लग्नाआधी मी शॅननला नोकरीला होतो तेव्हा ओर्ला नावाच्या मुलीबरोबर आठ महिने होतो. तुला सांगितलं नाही, ही पहिली चोरी. आमचं संपल्यावर, ऑगस्ट २०१९ मध्ये, तिचा मेसेज आला. तिला क्लॅमिडिया निघाला होता, मीही तपासून घ्यावं. मी मेसेज पुसून टाकला, ही दुसरी. मला काही त्रास नव्हता, आपण एकदम ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत, असं म्हणून मोकळा झालो. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधून पोट भरणारा मी! डिसेंबरात तुझ्याशेजारी बोहल्यावर उभा राहिलो.

गेल्या महिन्यात तू तिकडून फोनवर ओटीपोटात दुखतंय म्हणालीस, आणि मागून आईचा आवाज आला, उष्ण प्रकृतीच्या बाईला दिवस राहायला वेळ लागतोच. मला जेवण गेलं नाही. इथे आता तपासणीचं किट पोस्टाने घरी येतं. लघवीचा नमुना पाठवला, निकाल आला, क्लॅमिडिया. नर्सने फोनवर समजावलं, की हा जंतुसंसर्ग शरीरसंबंधांतून पसरतो आणि बहुतेकांना, बायकांना तर जास्तच, काही जाणवतही नाही. गोळ्यांनी बरा होतो, मी सात दिवस घेतल्या. पण जोडीदाराचा उपचार राहिला तर फिरून येतो, आणि बाईच्या अंगात बरेच दिवस राहिला तर गर्भनलिकांना इजा करू शकतो. मी विचारलं, दीड वर्ष झालं असेल तर? ती म्हणाली, "तिला आज सांगा. घाबरायचं नंतर."

त्याला नऊ दिवस झाले. मी भित्रा आहे.

डॉक्टरांना आजाराचं नाव घेऊन सांग, तपासणी मागून घे. घरातली उरलीसुरली अँटिबायोटिक घेऊ नकोस, त्या देतील त्याच गोळ्या, त्याही पूर्ण. दुखणं वाढलं किंवा ताप आला तर मंगळवारची वाट बघू नकोस. नलिकांना काही झालंय का, मला माहीत नाही. झालं नसेलही. तू परत आल्यावर, दोघांचे उपचार संपून सात दिवस होईपर्यंत आपण लांब राहायचं. पुढे मला जवळ येऊ द्यायचं की नाही, ते तू ठरव.

आता हे कागदावर का लिहिलं ते सांगतो. फोनवर मी आईला कितीही सांगितलं तरी ती म्हणेल, पोरगा बायकोला पाठीशी घालतोय. मंगळवारी काही वाईट निघालं तर बोट तुझ्याकडेच वळेल, आणि मी इथून गुपचूप ऐकत बसेन, आजवर बसलो तसा. म्हणून सगळं तारखांसकट माझ्या अक्षरात लिहिलंय. तुझी हरकत नसेल तर वाचून झाल्यावर हे पत्र आईच्या हातात दे. तिला कळू दे, की तुझ्यात काही कमी नव्हतं. हे दुखणं तिच्या मुलाने घरात आणलं.

तुझाच, अजून म्हणू देणार असशील तर,
उपेंद्र