न वाजणारी धार

४ ऑगस्ट

साताऱ्याहून सामान गावी आणले. दोन पोती पुस्तके, एक पिशवी कपडे. कॉलेजात यंदा मला तास नाहीत. मराठीला मुले नाहीत म्हणून. अकरा वर्षे तासांवर शिकवले. कळवायला क्लार्कचा फोन, तोही गाडी चालवता चालवता.

संध्याकाळी मारुती आला. पूर्वी आबांच्या, माझ्या वडलांच्या, हाताखाली होता. आबांची कलमवाल्यांची टोळी आता तोच चालवतो. सप्टेंबरअखेर वडूजकडे द्राक्षाची नवी बाग, वीस दिवसांचे काम, एक माणूस कमी. सर येत असतील तर येऊ देत, असे आबांना म्हणाला, मला नाही. अट : आमच्या बांधालगतच्या ओळीत पंचवीस कलमे बांधायची. वीस जगली तर गाडीत जागा. चाकू ज्याचा त्याने आणायचा.

आबांचे गेली चार वर्षे हात थरथरतात. कोणी आले की ते हात मांडीखाली घेतात.

६ ऑगस्ट

सांगली. मार्केट यार्डासमोरचे शेतीसामानाचे दुकान. काउंटरवर घडीचे सात चाकू. एक परदेशी, त्याची किंमत ऐकून तो न उघडताच परत ठेवला. दोघांना खटका नाही. जोर दिला की पाते बोटावर मिटणार. एकाचा खिळा आत्ताच ढिला. राहिले तीन. दुकानदार प्रत्येकाबद्दल एकच सांगत होता, गंजत न्हाई. धार किती टिकते, विचारले.

"ते तुमी किती वापरताय त्याच्यावर हाय."

निळ्या मुठीचा, चकचकीत घेतला. परवडणारा होता. दुसरे कारण नाही.

७ ऑगस्ट

सराव. काडीचे टोक दोन्हीकडून तासून पाचर करायची. ती जमिनीत रुजलेल्या खुंटाच्या चिरेत बसवायची, सालीला साल. वरून प्लास्टिकची पट्टी. पाचर एका हिसक्यात निघाली तर सपाट. दोनदा कापली की मध्ये फट, फटीत हवा, कलम वाळले. मध्येच दगडावर चाकू पाजवत बसावे तर तेवढ्यात काडी सुकते. म्हणजे चाकू टिकला पाहिजे. सगळे एवढ्यावर.

साठाव्या काडीला पाचरीवर लाटा उठू लागल्या.

आबा बांधाजवळच्या छपरात खाटेवर, माझ्याकडे पाठ करून. म्हणाले, "वाजतोय."

धार असली की काडी कापताना आवाज येत नाही. धार गेली की येतो. मला येत नव्हता. त्यांना दहा हातांवरून येत होता.

९ ऑगस्ट

तासगाव. जुने हार्डवेअर. म्हाताऱ्याने खालच्या खणातून काढून दिला. काळे पाते, लाकडी मूठ, साधे पोलाद. गंजतो म्हणून कोणी घेत नाही म्हणे. निळ्यापेक्षा स्वस्त.

दीडशे काड्या गेला. आबा गप्प होते, म्हणजे वाजला नाही. दर ओळीला पुसायचा, रात्री खोबरेल. तरी संध्याकाळी पात्यावर तांबूस ठिपके. म्हणजे निवड एवढीच : न गंजणारा की टिकणारा. हे दुकानात कोणी सांगत नाही.

१२ ऑगस्ट

पंचवीस बांधली. चाकू चांगला आहे. पाचर मात्र एका अंगाला कलते. मनगट हवे तिथे वळत नाही. मारुती उभा राहून बघत होता.

"सर, पाचर केली का खडू तासला?"

टोळीतले बाकीचे हसले. मीही हसलो. हसायला नको होते.

२ सप्टेंबर

अकरा जगली.

मारुतीने प्रत्येक खुंटाशी वाकून वाळलेली काडी नखाने मोडली आणि ओळीने ठेवत गेला. चौदा. मग म्हणाला, पट्ट्या बांधायला या, बायकांसंगं. त्याने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते. खरेच काम देत होता.

मी आणखी एक ओळ मागितली. आबांकडे बघून त्याने हो म्हटले.

३ सप्टेंबर

आबा दाढीला गेले होते. त्यांच्या ट्रंकेतून त्यांचा चाकू काढला. विचारले नाही. शिंगाची मूठ, पाजवून पाजवून बोटाच्या पेराएवढे उरलेले पाते.

उजव्या हातात धरला तर काडीत घुसतो, पुढे सरकतच नाही. वाटले, आपलेच चुकते. मग उजेडात धरला. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट. ह्याचा उतार उलट्या बाजूला. आबा डावरे. हे मला कायम माहीत होते आणि कधी ध्यानात आले नव्हते.

डाव्या हातात घेतला. एक काडी. दुसरी. चाळीस काड्या. एकही पाचर कलली नाही.

मीही डावराच. सहा वर्षांचा असताना पाटीवर लिहायला बसलो की आबा माझा डावा हात खाटेच्या पायाला बांधायचे. तेव्हा ते आंब्याची कलमे बांधत. पट्टी तीच, कलमाची. ओलसर, मनगटाला चिकटणारी. पुढे पस्तीस वर्षे उजव्या हाताने लिहिले. प्रबंधसुद्धा.

आत्ता एक ओळ डाव्या हाताने लिहून पाहिली. वाचता येत नाही. खोडली.

४ सप्टेंबर

पहाटे, कोणी उठायच्या आत दुसरी ओळ घेतली. डाव्या हाताने, आबांच्या चाकूने. विसाव्या खुंटाशी होतो तेव्हा छपरातून आवाज आला.

"माझा चाकू हाय त्यो."

वाजत नव्हता, म्हणून त्यांना कळले.

"कुठल्या हातानं कापतोस?"

डाव्या, म्हणालो.  उरलेली पाच बांधली. मग जवळ जाऊन विचारले, मग माझा डावा हात बांधत कशाला होता.

"दुकानात डाव्याचा चाकू मिळतोय का? मी दोन एस्ट्या बदलून वडूजच्या लोहाराकडं जायाचो. त्यो घडवंल तवा आमचा धंदा. त्यो मेल्यावर तुला कोन घडवून देनार हुतं?"

मला इतकी वर्षे वाटत होते, देवाला फूल उजव्या हाताने वाहायचे म्हणून. किंवा गुरुजींच्या धाकाने. किंवा लोक हसतील म्हणून. कशावरही रागावता आले असते. चाकू मिळत नाही, ह्यावर कसे रागवायचे ते कळेना. तरी रागावलो. म्हणालो, मी कलमे बांधणार हे तेव्हाच ठरवले होते का.

"मग काय करनार हुतास?"

 आज मी तेच करत होतो.

आबांनी हात पुढे केला.  चाकू परत दिला.

६ सप्टेंबर

चाकू त्यांच्या उशाखाली. त्याने त्यांना आता सुपारीही फोडता येत नाही. मागितला तर म्हणाले, बघू. दोन दिवसांत दोनदा मागितला. पुन्हा मागणार नाही.

९ सप्टेंबर

वडूज. लोहार खरेच वारला आहे. मुलगा लोखंडी गेट बनवतो, शटरला वेल्डिंग करतो. वडलांच्या डावऱ्या गिऱ्हाइकाची त्याला आठवण आहे. लय चिकट मानूस, म्हणाला. पोरगा डावरा निघालाय, त्याला एक आत्ताच घडवून ठेव म्हणत दोनदा आला होता; वडील म्हणाले, पोर मोठं तर होऊ दे.

मी हे आबांना सांगणार नाही.

नवा घडवत नाही तो. माझा तासगावचा काळा चाकू ग्राइंडरवर धरून उतार पलीकडच्या बाजूला फिरवून दिला. पाणी मारत मारत, पाते तापू न देता. तरी म्हणाला, पोलाद आतून कसे आहे देव जाणे, टिकेल का सांगत नाही. पाते निम्मे झाले.

एसटीत सारखा खिशात चाचपत होतो.

२५ सप्टेंबर

दुसऱ्या ओळीत पंचवीसपैकी तेवीस.

मारुतीने एक पट्टी सोडून पाहिली. पुन्हा बांधली. दुसरी पाहिली. हसला नाही.

"सर, ह्यो आबांचा हात हाय. पट्टीचा पीळ बगा कुनीकडं गेलाय."

मी म्हणालो, मी बांधलीत. त्याने छपराकडे पाहिले. आबांचे हात मांडीखाली. ज्या हातांना चहाची बशी पेलत नाही, त्यांनी पंचवीस पाचरी काढल्या हे त्याला पटते. मी काढल्या हे पटत नाही. आबांनी सांगावे म्हणून थांबलो. ते बांधाकडे बघत होते.

मारुती म्हणाला, उद्या चला. पहिल्या दिवशी मी शेजारी बसणार. न्हाई जमलं तर सांजच्या एसटीनं माघारी.

२६ सप्टेंबर

सकाळी सहा. गाडी साडेसहाला. हे उजव्या हातानेच लिहितो आहे.

पिशवीत दोन्ही चाकू. निळा उगाच. काळ्याने नवा उतार घेतल्यापासून शंभराच्या वर काड्या कापल्या नाहीत. आजच्या कामात दुपारपर्यंतच तेवढ्या होतील.

पाया पडायला वाकलो तर आबा म्हणाले, काप एक. त्यांनीच एक काडी आणून ठेवली होती. एक नव्हे, मूठभर. आदल्या दिवशीच्या, भिजवलेल्या.

खाटेशेजारी बसून डाव्या हाताने, काळ्या चाकूने कापली. त्यांनी डोळे मिटले होते. मला काही ऐकू आले नाही. त्यांना आले का, कळले नाही.

"आनी एक."

कापली. रस्त्यावर मारुतीचा हॉर्न.

"आनी एक."