नानांच्या झोक्याची फळी

मी, चारुलता कुंदन बोरसे, वय छप्पन्न, राहणार जळगाव, धंदा वर्तमानपत्रात लोकांची टर उडवणं, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. बुधवारी नाशिकला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही." म्हणूनच लिहायला बसले.

१. तिसऱ्या मजल्यावरचा माझा फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि माझे दिवंगत यजमान कुंदनराव यांची स्कूटर माझी एकुलती मुलगी दिपमाला हिला मिळावी. जावई दीपनगरला वीजकेंद्रात आहेत. स्कूटर त्यांनी खुशाल चालवावी, पण खालून हॉर्न वाजवून बायकोला बोलावू नये. कुंदनराव जिने चढून वर येत.

२. माझ्या लेखांची कात्रणं रद्दीत द्यावीत. ज्यांच्यावर लिहिलं त्यांनी ती जपून ठेवली आहेतच.

३. सांजोऱ्यांचा पितळी डबा माझी बालमैत्रीण बेबाबाई हिला द्यावा. या डब्याला इतिहास आहे.

माझे वडील पुना पाटील, म्हणजे सगळ्यांचे नाना, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पारोळ्याजवळच्या आमच्या शेतात कडुलिंबांना झोके बांधत. माहेरी आलेल्या गावभरच्या लेकी तिथे जमत. कुणी बुजली तर नाना म्हणत, "बठ्ठ्या पोरी मन्याच शेतस." गावच्या सगळ्या पोरी त्यांच्याच. पुढे त्यांनी फिरता पाळणा आणला, मग मुलांची आगगाडी. धुळ्या-जळगावहून माणसं येऊ लागली, शेताचं 'नानाबन' झालं. आम्ही सासुरवाशिणी मात्र झोक्यांसाठीच यायचो, केस पांढरे झाले तरी.

नाना गेल्यावर माझा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर याने तिथे हवाई बेट वसवलं. प्लास्टिकची नारळाची झाडं आली; त्यांना सावली नाही. शेततळ्यात क्रूझ सोडली. पाणी कमरेइतकं, पण कप्तानाला टोपी आहे आणि बुडण्याविषयीच्या सूचना इंग्रजीत आहेत. लाटांच्या तलावासाठी लिंबं तोडली. मागचं एक उरलं, त्याच्याखाली जनरेटर धडधडतो.

तीन वर्षांपूर्वी आखाजीलाच दारावरच्या रखवालदाराने हा डबा उघडला. म्हणाला, "मावशी, बाहेरचं खाणं आत चालत नाही." बेबाबाई म्हणाली, "बाहेरना तू शे रे भाऊ, आम्ही आठल्या शेतस." सांजोऱ्या आम्ही पार्किंगमध्ये उभ्याने खाल्ल्या. तेव्हापासून आम्हा झोकेवाल्यांचा मेळा मोबाईलवरच भरतो, आणि 'पहिल्यासारखं राहिलं नाही' यावर रोज सकाळी एकमत होतं.

त्याच आठवड्यात मी 'कमरेइतका समुद्र' हा लेख लिहिला. लेख चांगला आहे. त्यातला शब्दही बदलणार नाही. ज्ञानेश्वर दर रविवारी फोन करायचा, तो बंद झाला. तिथे मात्र मला लेखापेक्षा फोन बरा वाटतो.

४. माझ्या पलंगाखाली झोक्याची सागवानी फळी आहे. लिंबं पडली त्या दिवशी भंगाराच्या ट्रॉलीतून मी ती उचलून आणली. उभ्याने झोके घेऊन घेऊन ती दोन्ही टोकांना झिजली आहे: डावीकडचा खळगा माझ्या पायांचा, उजवीकडचा बेबाबाईच्या.

फ्लॅटला झाड नसतं. उद्या मी नसले तर आखाजीला दिपमालाने यायचं कुठे? कुलूप लावलेल्या तिसऱ्या मजल्यावर? म्हणून असं ठरवते, की जो कुणी दर आखाजीला दिपमालाला मानाने बोलावील आणि तिच्यासाठी खऱ्या झाडाला झोका बांधील, त्याची ही फळी. कुणीच पुढे आलं नाही तर फळी फोडून तिच्यावर भरताची वांगी भाजावीत. भरीत कसं झालं ते मला कळवू नये.

५. ज्ञानेश्वरला मी काहीही देत नाही. त्याच्याकडे क्रूझ आहे. त्याने साक्षीदार म्हणून सही करायला तेवढं यावं. वकीलसाहेब म्हणाले, "साक्षीदार कुणीही चालतो." मला कुणीही नको होता.

वरचा मजकूर मी स्वतः वाचला, तो माझाच आहे, चुकांसकट.

खाडाखोडीचा खुलासा, माझ्या हाताने: दुसरा साक्षीदार म्हणून ज्ञानेश्वर पुना पाटील हे नाव टाईप झालं होतं. तो आला. पाणी घेतलं नाही, बसला नाही. चौथं कलम उभ्यानेच वाचलं, परत वाचलं. मग वकीलसाहेबांना म्हणाला, "ज्याला काही मिळतं त्याने इथे सही केली तर?"

"न केलेली बरी."

"मंग मनं नाव काढा." आणि माझ्याकडे न बघता, "फळी मनी शे, अक्का. जनरेटर तठून काढसू."

मी विचारलं, "आन सांजोऱ्या? डबा आणू का?"

"लई ये. पन ऑपरेशन करीसन तू सोता लई ये."

नाव खोडलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. चहा घेऊन आलेल्या शेजारच्या कुंदाबाईंनी त्याच्या जागी सही केली. फळी त्याने आजच जीपमध्ये टाकून नेली. मृत्युपत्र मेल्यावर अमलात येतं, असं वकीलसाहेब त्याला जिन्यापर्यंत सांगत गेले.

लिहून देणार : चारुलता कुंदन बोरसे

साक्षीदार :
१. रुपचंद ओंकार वाणी, शेजारी
२. ~~ज्ञानेश्वर पुना पाटील~~ कुंदाबाई रुपचंद वाणी, शेजारी

जळगाव, १२ एप्रिल २०२५. आखाजी याच महिन्यात आहे.